घरचा मसाला विकायला काढतेय : नाव नेमकं कुठे रजिस्टर करायचं? आणि पॅन, टॅन, जीएसटीचा घोळ

भिरंडसोल

नमस्कार मंडळी. मी डिचोलीची. सासूबाई आणि मी मिळून शाकुतीचा मसाला, कुळथाचं पीठ, सोलां (वाळवलेली कोकमं) आणि आगळ (कोकमाचा रस) करतो. इतके दिवस सगळं ओळखीपाळखीत चाललं होतं. चवथीच्या आधी थोडी गडबड, बाकी आरामात. आता म्हापशाचा एक दुकानदार माल ठेवायला तयार झालाय, पण त्याला नावाचं छापील पाकीट हवं आणि रीतसर बिल हवं. पुण्याची नणंद म्हणते, त्यांच्या सोसायटीत महिन्याला बरीच पाकिटं सहज खपतील.

नाव आम्ही ठरवलंय. इथे लिहीत नाही, उगाच कोणी उचलायचं! पण ते रजिस्टर कुठे करायचं, याची प्रत्येकाकडून वेगळी उत्तरं मिळताहेत. बँक म्हणते, फर्मच्या नावाचा पुरावा आणा मग करंट खातं. पंचायतीत म्हणाले, आधी ट्रेड लायसन्स. शेजारचे म्हणतात, जीएसटी काढला की नाव आपोआप आपलं होतं. आणि एका एजंटाने ‘नाव रजिस्ट्रेशन, फर्मचं पॅन, टॅन, जीएसटी’ असं एकगठ्ठा पॅकेज सांगितलंय. यातलं खरंच काय लागतं?

उसगावचो

जीएसटी काढा, विषय संपला. सर्टिफिकेटवर ट्रेड नेम छापून येतं. सरकारी कागदावर नाव आलं म्हणजे तुमचंच झालं की.

जमाखर्च

उसगावचो, हा समज गोव्यात घरोघरी आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी मडगावात हिशेबाचीच कामं करतो.

एकट्या माणसाच्या धंद्याचं, म्हणजे प्रोप्रायटरशिपचं, ‘नाव रजिस्टर’ करणारं खातं आपल्याकडे अस्तित्वातच नाही. कंपनी काढली तर नाव आधी केंद्राच्या कंपनी खात्याकडून मंजूर करून घ्यावं लागतं, एलएलपीचंही (मर्यादित जबाबदारीच्या भागीदारीचंही) तसंच. भागीदारी असेल तर १९३२ च्या कायद्याखाली रजिस्ट्रार ऑफ फर्म्सकडे नोंद करता येते. ती सक्तीची नाही, पण नोंद नसलेल्या फर्मला पैसे बुडवणाऱ्या गिऱ्हाइकावर करारापोटी दावा लावता येत नाही, म्हणून करावीच. प्रोप्रायटरसाठी यातलं काहीच नाही. कायद्याच्या दृष्टीने ताई म्हणजेच धंदा.

मग ते नाव दिसतं कुठे? पंचायतीच्या लायसन्सवर, उद्यमच्या (छोट्या उद्योगांच्या सरकारी नोंदणीच्या) दाखल्यावर, जीएसटीच्या सर्टिफिकेटवर, बँकेच्या पासबुकावर. या प्रत्येक ठिकाणी तुम्ही सांगाल ते नाव लिहून घेतात. ते दुसऱ्या कोणाचं आहे का, हे कोणी तपासत नाही. जीएसटीच्या पोर्टलवर एकाच नावाचे ढीगभर व्यापारी सापडतील, सगळे कायदेशीर. सर्टिफिकेटवर दोन ओळी असतात : लीगल नेम आणि ट्रेड नेम. पहिल्या ओळीत पॅनवरचं नाव जसंच्या तसं येतं. दुसऱ्या ओळीला मालकी हक्क म्हणून काडीची किंमत नाही.

नावावर हक्क हवा असेल तर ट्रेडमार्क. १९९९ चा कायदा. बाकी सगळे कागद तुमची ओळख पटवण्यासाठी आहेत.

आणि त्या एजंटाला विचारा, ‘फर्मचं पॅन’ म्हणजे काय? प्रोप्रायटरला वेगळं पॅन मिळतच नाही. तुमचं स्वतःचं पॅन तेच धंद्याचं पॅन. एका माणसाने दोन पॅन बाळगली तर दहा हजारांचा दंड आहे.

पोदेराची_सायकल

पॅनचं चौथं अक्षर बघा. ‘पी’ असेल तर माणूस, ‘एफ’ असेल तर फर्म, ‘सी’ असेल तर कंपनी. एजंट प्रोप्रायटरला ‘एफ’वालं पॅन आणून देतो म्हणाला तर तो तुम्हाला न विचारता भागीदार शोधून देणार आहे, असं समजा.

भिरंडसोल

हसले खरी, पण त्याने खरंच ‘फर्म पॅन’ असंच म्हटलं होतं. जमाखर्च, देव बरें करूं. आता नंबरांचंही सांगाल का? टॅन मला लागणार का? आणि जीएसटी, विक्री इतकी थोडी असताना?

जमाखर्च

टॅन आत्ता नको. दुसऱ्याला पैसे देताना त्यातून आधीच कर (टीडीएस) कापणाऱ्याला टॅन लागतो. व्यक्ती म्हणून धंदा करणाऱ्यावर ती जबाबदारी सहसा आदल्या वर्षीची उलाढाल एक कोटीच्या वर गेली की येते. पगारदार माणसं ठेवलीत आणि त्यांचा पगार करपात्र झाला तर वेगळी गोष्ट. ज्याला लागतो त्याने घेतला नाही तर दंड होतो, पण ज्याला लागत नाही त्याने घेऊन ठेवला तर नोटिसांना आमंत्रण. पॅकेजमधून तो काढून टाका.

जीएसटीचा नंबर पंधरा अक्षरी. पहिले दोन आकडे राज्याचे, गोव्याचे ३०. पुढची दहा अक्षरं म्हणजे तुमचं पॅन. मग त्याच पॅनवर त्याच राज्यातली कितवी नोंदणी ते सांगणारं एक अक्षर, मग ‘झेड’, आणि शेवटी पडताळणीचं अक्षर. म्हापशाच्या दुकानदाराने दिलेल्या नंबराची सुरुवात २७ ने झाली तर तो महाराष्ट्रातला नंबर आहे, त्याला विचारा. पोर्टलवर कोणाचाही नंबर टाकून त्याचं लीगल नेम, ट्रेड नेम आणि नोंदणी चालू आहे की रद्द, हे फुकट बघता येतं. उधारीवर माल देण्याआधी एवढं तरी करावं.

माल विकणाऱ्याला गोव्यात वर्षाला चाळीस लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही. म्हापशाला माल द्यायला साधं बिल पुरे : तुमचं नाव, पत्ता, तारीख, माल, रक्कम. फक्त त्यावर जीएसटी लावायचा नाही. नोंदणी नसताना ग्राहकाकडून कर घेणं बेकायदा आहे.

उसगावचो

मग तर प्रश्नच मिटला, नाही का? चाळीस लाखांच्या आत, म्हणजे काहीच नको.

फोंडेकरीण

थांबा, थांबा. पुण्याची नणंद विसरलात सगळे! राज्याबाहेर माल विकायचा तर चाळीस लाखांची सूट नाही. गोव्यातून पुण्याला पहिलं पाकीट बिलावर गेलं की नोंदणी सक्तीची. बांदा ओलांडून सावंतवाडीला गेलं तरी तेच. आमच्याकडे काजूगराचा धंदा आहे, फोंड्यात. बेळगावचं एकच गिऱ्हाईक होतं, त्या एकापायी नोंदणी घ्यावी लागली.

जमाखर्च

फोंडेकरणींनी नेमकं पकडलं. आणि इथे दुसरी एक गोची आहे. छोट्या धंद्याला कंपोझिशन योजना बरी पडते, दीड कोटींपर्यंत चालते, उत्पादक-व्यापाऱ्याला उलाढालीवर एक टक्का, तिमाहीला एक चलन. पण कंपोझिशनवाल्याला राज्याबाहेर माल विकता येत नाही. पुणे हवं असेल तर नेहमीची नोंदणी, मसाल्यावर पाच टक्के, आणि रिटर्न वेळच्या वेळी. विक्री शून्य असली तरी रिटर्न.

म्हणून ताई, आधी नणंदेशी बसून खरा अंदाज घ्या. खरंच खपणार असेल तर नोंदणी करा. चार पाकिटांसाठी हा व्याप नको. पुण्याचा पाहुणा डिचोलीला येऊन काउंटरवरून पाकीट घेऊन गेला तर ती गोव्यातलीच विक्री, फक्त बिलावर त्याचा पुण्याचा पत्ता घालू नका. बिगरनोंदणीकृत ग्राहकाच्या बाबतीत २०२३ च्या दुरुस्तीनंतर बिलावरचा पत्ताच विक्रीचं ठिकाण धरला जातो.

रेईशमागूश

मी वेबसाइटी करून देतो, गिऱ्हाइकं मुंबईची. मलाही पहिल्या रुपयापासून?

जमाखर्च

नाही. सेवांना वीस लाखांपर्यंत सूट आहे आणि ती राज्याबाहेरच्या सेवांनाही लागू होते. मालाचा आणि सेवेचा नियम इथे वेगळा.

तांबडीमाती

नावाबद्दल सांगते, मला यातून जावं लागलंय. अर्ज करण्याआधी ट्रेडमार्क खात्याच्या संकेतस्थळावर सार्वजनिक शोध घ्या, फुकट आहे. नुसतं तेच स्पेलिंग शोधू नका, उच्चाराने जवळ जाणारंही शोधा. ‘आवय’ असेल तर ‘आवई’, ‘आवोय’ सगळं. मसाला, पीठ हे वर्ग ३० मध्ये येतं, लोणची आणि भाजलेले काजूगर वर्ग २९ मध्ये. व्यक्तीला किंवा छोट्या उद्योगाला ऑनलाइन अर्जाला प्रत्येक वर्गाला ४,५०० रुपये सरकारी फी. मोठ्या कंपनीला दुप्पट. गोव्याचे अर्ज मुंबईच्या कार्यालयाकडे जातात, पण खेप घालायची गरज नाही.

अर्ज टाकला की नावाला ‘टीएम’ लावता येतं (तसं ते अर्जाशिवायही लावता येतं). गोलातला ‘आर’ मात्र नोंदणी झाल्यावरच. त्याआधी छापला तर गुन्हा. छपाईवाला हौसेने टाकतो, त्याला आधीच सांगून ठेवा.

स्टेटसला ‘ऑब्जेक्टेड’ आलं की लोक हातपाय गाळतात. तो नकार नसतो, परीक्षकाने शंका काढलेली असते, तिला महिन्याभरात लेखी उत्तर द्यायचं असतं. ते पटलं की नाव ट्रेडमार्क खात्याच्या जर्नलमध्ये छापतात आणि मग चार महिने कोणालाही हरकत घेता येते. कोणी घेतली नाही तर नोंदणी, अर्जाच्या तारखेपासून दहा वर्षं.

पोदेराची_सायकल

ताई, नाव सांगू नका, पण एवढं सांगा : त्यात ‘गोवा’ किंवा ‘गोंय’ आहे का?

भिरंडसोल

आहे! ‘गोंयचो’ आहे. का? 🙈

पोदेराची_सायकल

नुसतं ‘गोंयचो मसालो’ अशा धर्तीचं असेल तर मिळणं कठीण. गाव सांगणारे आणि माल काय ते सांगणारे शब्द कोणा एकाला देत नाहीत, उद्या दुसऱ्या गोंयकाराने काय म्हणायचं? असल्या नावाला लोगोसकट नोंदणी मिळाली तरी शब्दांवर हक्क येत नाही. घरातलं एखादं खास नाव शोधा. सासूबाईंना लहानपणी काय हाक मारायचे?

आणि पाकिटावर ‘खोलची मिरची’, ‘हरमलची मिरची’ लिहिणार असाल तर जपून. दोन्हींना जीआय (भौगोलिक मानांकन) आहे. फेणीला २००९ मध्ये मिळाला तसा. जीआयचं नाव स्वतःचा ट्रेडमार्क म्हणून घेता येत नाही, आणि मिरची दुसरीकडची असेल तर ते नाव वापरताही येत नाही. डिचोलीच्या बाजारात काय काय ‘खोलची’ म्हणून विकतात ते आपल्याला ठाऊक आहेच.

भिरंडसोल

सासूबाईंचं माहेरचं लाडाचं नाव चांगलं आहे हो. त्या आत्ताच नाही म्हणताहेत, पण होतील कबूल. 😄

बँकेचं काय करू? आणि पत्त्याचा पुरावा? घरपट्टी आजेसासऱ्यांच्या नावावर आहे. ते जाऊन किती वर्षं झाली, देव जाणे. विजेचं बिलही त्यांच्याच नावाने येतं आणि आम्ही इमानदारीत भरतो.

फोंडेकरीण

गोव्यातल्या निम्म्या घरांची हीच कथा. वीज खात्याच्या दृष्टीने आमचे पणजोबा अजून पंखा लावून झोपतात.

बँकेचं सोपं आहे. प्रोप्रायटरच्या करंट खात्याला धंद्याच्या नावाचे सहसा दोन कागद मागतात. उद्यमचा दाखला हा एक. आधारवर, घरबसल्या, पूर्ण फुकट, २०२० पासून आहे. त्यासाठी पैसे मागणाऱ्या खासगी साइट्स अगदी सरकारी थाटात नटलेल्या असतात, पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ आहे ना ते बघा. दुसरा कागद पंचायतीचं ट्रेड लायसन्स. खाण्याचा माल म्हणून पंचायत आरोग्य केंद्राचा ना हरकत दाखला मागेल. शिवाय एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा खात्याचा) चौदा आकडी नंबर, तो पाकिटावर छापायलाच लागतो. हे सगळे अर्ज भरताना नावाचं स्पेलिंग एकच ठेवा. एकीकडे ‘मसाले’, दुसरीकडे ‘मसाला उद्योग’ असं झालं की बँक दोन वेगळे धंदे धरते.

वजनकाटा

पाकिटाचं मी सांगतो. वजनमाप खात्याकडे पॅकर म्हणून नोंदणी, पॅकिंग सुरू केल्यापासून नव्वद दिवसांच्या आत. पाकिटावर बनवणाऱ्याचं नाव आणि पूर्ण पत्ता, निव्वळ वजन, सगळे कर धरून किंमत, महिना-वर्ष, तक्रारीसाठी फोन आणि ईमेल. नुसतं ट्रेड नेम आणि ‘डिचोली, गोवा’ चालत नाही. हजारो पाकिटं छापून घेण्याआधी मजकूर कोणा जाणकाराला दाखवा.

जमाखर्च

पत्त्याचं. जीएसटीसाठी घर स्वतःचं असेल तर घरपट्टी किंवा वीजबिल यातलं एक पुरतं. घरच्या माणसाच्या नावावर असेल तर त्याचं साध्या कागदावर संमतिपत्र, त्याचा ओळखपुरावा आणि मालकीचा एक कागद. एप्रिल २०२५ मध्ये केंद्रीय कर मंडळाने लेखी सूचना काढली की यादीबाहेरचे कागद मागत बसू नका. पण मयत माणूस संमतिपत्र देऊ शकत नाही, तिथे सूचना काही कामाची नाही. घरपट्टी हयात वारसाच्या नावावर करून घेणं हा खरा मार्ग. त्यासाठी पंचायत वारसाचा पुरावा मागेल, म्हणजे स्पेशल नोटरीसमोरचा वारसाचा दस्त, किंवा भांडण असेल तर इन्व्हेंटरी (कोर्टातून वारसांची वाटणी). दिरा-जावांत एकमत असेल तर हे आत्ताच उरकून घ्या. धंदा वाढल्यावर एकमत महाग होतं.

आता खास गोव्याचा मुद्दा. ताई, तुमचं लग्न गोव्यात नोंदलेलं आहे आणि लग्नाआधी वेगळा करार केला नव्हता, असं धरतो. म्हणजे तुम्ही दोघं कम्युनियन ऑफ ॲसेट्समध्ये, मालमत्ता दोघांची समाईक. पोर्तुगीज नागरी कायदा लागू असलेल्या नवरा-बायकोंसाठी आयकर कायद्यात वेगळी तरतूद आहे, १९६१ च्या कायद्यातलं कलम ५ए. नव्या कायद्यातही ती ठेवली आहे. धंद्याचा नफा, भाडं, व्याज हे सगळं दोघांत निम्मं-निम्मं वाटून दोघांच्या रिटर्नमध्ये दाखवायचं. पगार तेवढा ज्याचा त्याला.

भिरंडसोल

म्हणजे मसाला मी कुटायचा आणि निम्मा नफा ह्यांच्या रिटर्नमध्ये?

जमाखर्च

हो. 🙂 पण घरभाडं, ठेवींचं व्याज जे काही त्यांच्या नावावर येत असेल त्यातलं निम्मं तुमच्याकडे येतं. मसाल्याच्या नफ्याला याने बहुधा फायदाच होतो, कारण करमुक्त मर्यादा दोघांना वेगळी मिळते. ते मोठ्या पगारावर असतील तर उलट, तुमचा निम्मा नफा त्यांच्या वरच्या टप्प्यात जाऊन बसतो. रिटर्नमध्ये शेड्यूल ५ए भरायचं, त्यात जोडीदाराचं पॅन लागतं. महाराष्ट्रातला सीए असेल तर त्याला हे आधी सांगा. बाहेरच्या बऱ्याच जणांना हे शेड्यूल माहीतही नसतं, आणि मग दोघांचे आकडे जुळत नाहीत.

जीएसटीला यातलं काही लागू नाही. नोंदणी ज्याच्या पॅनवर, उलाढाल पूर्ण त्याची.

उसगावचो

बाबा, एवढं सगळं असतं हे मला ठाऊकच नव्हतं. माझ्या भावाचं गॅरेज आहे, त्याने ५ए कधी भरलं असेल असं वाटत नाही. विचारतो आज.

तांबडीमाती

एक राहिलं. ट्रेडमार्कला आज पैसे नसतील तर निदान पुरावे जपा. नोंदणी नसली तरी आधीपासून वापरणाऱ्याला काही संरक्षण मिळतं, पण ‘आधीपासून’ हे कागदावर दाखवावं लागतं. पहिलं बिल, पहिल्या पाकिटाचा छापखान्याचा हिशेब, म्हापशाच्या दुकानदाराची पावती, सगळ्यांवर तारीख आणि ते नाव. अर्जात ‘अमुक तारखेपासून वापरात’ असं लिहिलंत की त्यासोबत प्रतिज्ञापत्र आणि हेच कागद मागतात.

भिरंडसोल

शेवटचा प्रश्न. माझं पॅन माहेरच्या नावाचं आहे आणि आधार सासरच्या. चालेल का?

फोंडेकरीण

अडेल. जीएसटीचा अर्ज पॅनवरचं नाव उचलतो आणि पडताळणी आधारने होते. बँकही तिथेच बोट ठेवते. लग्नाचा दाखला जोडून पॅनमध्ये दुरुस्तीचा अर्ज करा, नव्या पॅनचा नव्हे. नंबर तोच राहतो, पाचवं अक्षर माहेरच्या आडनावाचं असलं तरी ते बदलत नाही, घाबरू नका. दुरुस्त कार्ड हातात आलं की ते आयकर पोर्टलवर आधारशी जोडलेलं दिसतंय ना बघा, मगच उद्यम, मग बँक, आणि पुण्याचं नक्की झालं तर जीएसटी. आधी जीएसटी घेऊन मागून नाव बदलायला गेलात तर तो मूळ माहितीतला बदल धरतात आणि त्याला अधिकाऱ्याची मंजुरी लागते. ट्रेड नेम बदलायलाही तेच, म्हणून सासूबाईंचा होकार अर्जाच्या आधी घ्या.